खालचा प्लग

मामाने ती मोटर मला दिली तेव्हा तिच्यावरून त्याने असा हात फिरवला, जसा एखाद्या लेकराच्या डोक्यावरून फिरवावा. "भाच्या, फौजेचा माल आहे. यात खोट निघाली तं माझं नाव बदलून ठेव," तो म्हणाला. त्याचं नाव मी बदललं नाही, पण पुढे ते घेताना माझ्या तोंडाची चव बदलायची. आता तो नाही. त्याच्या तेराव्याला मी जेवायला गेलो, तर त्याचा मुलगा पाहुण्यांना सांगत होता, "किसनाभाऊले धंद्याले लावलं ते आमच्या बाबांनी." मी घास हातात धरून बसलो. बोलायचं पुष्कळ होतं, पण बुंदी चांगली झाली होती आणि मेलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही. म्हणून आता इथे लिहून टाकतो. रागाचं लिहीन तेवढं लिहीन, पण खरं म्हणजे हे प्रकरण मी दुसऱ्याच दोन माणसांसाठी लिहायला घेतलं आहे.

आमचं घर गोळीबार चौकाच्या मागे, कोष्ट्यांच्या वस्तीत. पुढच्या खोलीत जमिनीतल्या खड्ड्यांवर दोन माग होते, एक बाबांचा आणि एक माझा. आई मला नीट आठवत नाही. मला वाढवलं बाबांच्या विधवा बहिणीने, म्हणजे माझ्या आत्याने. सूत रंगवायचं काम तिच्याकडे होतं. तिचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी किरमिजी असायचे आणि त्याच हातांनी ती ज्वारीची भाकरी थापायची. शनिवारी आंबाडीची भाजी, सणाला सांबारवडी, आणि बाबा खूश असले की गोळाभात, त्यावर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. बाबा खूश आहेत हे आम्हाला फक्त जेवणावरून कळायचं, कारण ते बोलायचे नाहीत. सूत देणारा व्यापारी जो भाव सांगेल तो ते मान हलवून घ्यायचे. मी बाजूला उभा राहून दात खायचो. मला घासाघीस केल्याशिवाय भाजीची जुडीही घेववत नसे, अजूनही घेववत नाही. त्या घरात दिवसभर दोन मागांचा आवाज चालायचा. एकाची खटखट दुसऱ्याच्या खटखटीत बरोबर बसायची. एक थांबला की मागच्या अंगणातून, पाठ वळवून असलेली आत्या ओरडायची, "काहून गा, तार तुटली का?" हे आवाजाचं शिक्षण घ्यायला मी कुठे गेलो नव्हतो. ते कानात पडत गेलं.

मला मागावर बसायचं नव्हतं. वयात आल्यावर मी मोटर स्टँडजवळच्या एका ट्रकच्या कारखान्यात जाऊ लागलो. तिथले उस्ताद कानपूरकडचे. इंजिन बिघडलं की आधी ठिणगी पाडणारे सगळे प्लग काढून एका फळीवर ओळीने मांडायचे आणि बिडी संपेपर्यंत नुसते पाहत बसायचे. प्लगच्या टोकाशी चिनीमातीचा जो लहानसा सुळका असतो, त्याच्या रंगात आतली सगळी हकीकत असते. तो भाजलेल्या भाकरीसारखा तांबूस असला तर इंजिन निरोगी. कोरडी काजळी असली तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. ओलसर तेलकट काळा असला तर तेल जास्त. खडूसारखा पांढरा पडून वर बारीक फोड आले असले तर आत आग जास्त होते आहे, कुठून तरी फुकटची हवा शिरते आहे. उस्ताद म्हणायचे, "मालिक से बाद में पूछो. पहले इसका मुँह देखो." मी शिकलो, पण दुसऱ्याच्या कारखान्यात जन्म काढायचा नाही हेही तिथेच ठरवलं.

मामाचं कामठीला लष्कराच्या टाकाऊ मालाचं दुकान होतं. तंबू, डबे, दोरखंड, बूट आणि एका कोपऱ्यात ही मोटर. नावेच्या मागे अडकवायची, खाली पाण्यात पात्यांचं चक्र, वर एकावर एक असे दोन सिलिंडर. तिला पाहिलं आणि मला कन्हान नदीवरचा तो घाट दिसला, जिथे पूल नाही आणि पावसाळ्यात बाजारहाटाची माणसं अर्धा दिवस डोंग्याची वाट पाहत काठावर बसतात. मामाला माझा माग हवा होता, उमरेडला त्याचं गिऱ्हाईक होतं. आम्ही दोघं सकाळपासून चहा पीत भांडलो. शेवटी मागाच्या बदल्यात मोटर, असं ठरलं. वर मी एक अट घातली: दसऱ्यापर्यंत मोटर पसंत पडली नाही तर ती परत आणि माझा माग मला परत. मामा म्हणाला, "मंजूर. पण अट दोघांले. मलेही पलटावं वाटलं तं पलटीन." मी हसून हो म्हणालो. असली मोटर देऊन जुना माग घेणारा माणूस पलटेल कशाला, असं मला वाटलं. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश होतो की घरी येईपर्यंत शीळ घालत होतो.

घरी बाबांनी मोटरभोवती एक फेरी मारली. "माग देऊन पंखा आणला," एवढंच म्हणाले.

"पंखा असता तं वारा तं लागला असता," आत्या म्हणाली.

माझ्या मागाचा खड्डा रिकामा पडला. आत्याने त्यात सुताच्या टोपल्या ठेवल्या, आणि शेजारची कोंबडी त्यात बसू लागली. घरात एकाच मागाचा आवाज उरला. तो ऐकताना एका पायावर चालणारा माणूस दारातून जातो आहे असं वाटायचं. बाबांनी एकदाच सांगितलं: दसऱ्यापर्यंत पाहतो, नाही तर माग परत आणायचा आणि पुन्हा हा विषय नाही. म्हणजे मी जन्मभर त्या खड्ड्यात बसायचं. मला त्यापेक्षा नदीत बुडालेलं बरं वाटत होतं.

घाटावर सुकलू नावाचा ढिवर होता. डोंगा त्याचा, मोटर माझी, अशी भागी ठरली. वयाने मोठा, पण मला अहोजाहो करायचा, आणि ती सगळी अहोजाहो टोमणे मारायला वापरायचा. पहिल्या दिवसापासून मोटर धूर ओकत होती. प्लग काढले तर दोन्ही काळे, ओले, बोटाला तेल लागेल असे. या मोटरला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागतं, आणि मामाने मला बजावलं होतं, "तेल हात सैल सोडून घाल, लेकराले तूप घालतो तसं." मी तेल कमी केलं. धूर गेला, प्लग तांबूस होऊ लागले, मला वाटलं जिंकलो. पण नवा तमाशा सुरू झाला. मोटर एका ओढीत चालू व्हायची, काठापासून झोकात निघायची आणि मधल्या धारेत पोचली की दम टाकायची. थोडा वेळ कण्हायची आणि बंद. सुकलू वल्ही काढायचा. काठाला लागून ती थंड झाली की पुन्हा एका ओढीत चालू!

"किसनाभाऊ," सुकलू म्हणाला, "तुमची मोटर चालते तवा मी आराम करतो, अन मी वल्हवतो तवा ते आराम करते. आम्हा दोघांचं चांगलं जमून राहिलं." डोंग्यातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हातारी तर म्हणाली, "वापस पोचव गा बाबू तिले, ज्याची आहे त्याले."

मी पेट्रोलची नळी पाहिली, गाळणी पाहिली, ठिणगी पाहिली. सगळं ठीक. शेवटी दोन्ही प्लग खिशात घालून घरी आलो की सकाळी उजेडात शांतपणे पाहू, आणि ते चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवले. सकाळी पाहतो तर दोन्ही देवघरातल्या भांड्यांसारखे लखलखीत. आत्याने राख आणि चिंच लावून घासले होते. आमच्यात कारागिराच्या हाती मळकी वस्तू द्यायची नाही, मागाचा धोटासुद्धा दुसऱ्याला देताना पदराने पुसून द्यायचा, अशी रीत होती. तिने रीत पाळली होती. मी मात्र असा ओरडलो की शेजारचा माग थांबला. "आत्या, वाचायचं होतं ते पुसून टाकलं वं तू!"

"मले काय माहीत त्याच्यावर काय लिहिलं आहे? काळं होतं, घासलं."

आज माझ्या दुकानात पंप आणि इंजिनं दुरुस्तीला येतात. गिऱ्हाईक प्लग स्वच्छ पुसून, कागदात गुंडाळून आणतो आणि कौतुकाच्या अपेक्षेने माझ्याकडे पाहतो. मी अजूनही तसाच ओरडतो. पोरं म्हणतात, बाबा, बीपीची गोळी घेतली का? पण त्या गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय मी जाऊ देत नाही. त्याच्या हातात मला आत्याची राख दिसते.

दुसऱ्या खेपेला मी प्लग काढून, वरचा लाल धाग्याने आणि खालचा पांढऱ्या धाग्याने बांधून, फडक्यात गुंडाळून आणले. घरात शिरताच आत्याला दम दिला, यांना हात लावायचा नाही. पाय धुऊन आलो आणि फडकं सोडलं. वरचा प्लग छान तांबूस. खालचा मात्र कोरा. चिनीमाती जशी कारखान्यातून निघते तशी स्वच्छ. मी तिथूनच गरजलो, "आत्या! पुन्हा घासला!"

आत्या हातातलं सूत पिळत आली. चिडली होती. "बापाची आण, मी शिवली नाई. अन घासले असते तं दोन्ही नसते का घासले? एक भांडं घासून दुसरं उष्टं ठेवणारी बाई पाह्यली काय गा तू कुठं?"

तिने खालचा प्लग माझ्या हातातून ओढून घेतला आणि ती मागच्या दारात गेली. सुताचा रंग ती नेहमी त्याच दारात पाहायची, उन्हात नाही आणि आत अंधारातही नाही. शेजारी वरचा प्लग धरला. डोळे बारीक केले. मग म्हणाली, "याचा रंग उडाला नाई, किसना. उडालेला रंग पिवळट दिसते, कुठं कुठं राहते. हा धुतला आहे. धुतल्याबिगर इतकं कोरं निघत नाई. मी नाई धुतला, तं कोणी धुतला?"

कोणी धुतला? त्या सिलिंडरच्या आत जाऊन कोण धुणार? पाणी. सिलिंडर थंड ठेवायला त्याच्या भोवतालच्या पोकळीतून नदीचं पाणी खेळतं. ते कुठून तरी आत झिरपत असेल तर आगीत त्याची वाफ होईल आणि वाफ प्लग धुऊन काढेल. कारखान्यात असा प्लग मी कधी पाहिला नव्हता, आणि पाहिला असता तर चांगला स्वच्छ आहे म्हणून बाजूला ठेवला असता. त्या दिवशी मी आत्याची माफी मागितली नाही. आमच्याकडे तशी पद्धत नव्हती. मी तिच्या रंगाच्या भट्टीला लाकडं फोडून दिली. तिला समजलं.

पण खात्री करायची होती. काठाला आल्यावर प्लग काढला तर तोवर मोटर हळू चाललेली असते, आणि प्लग त्या शेवटच्या हळूपणाची गोष्ट सांगतो. खरी गोष्ट हवी तर भर वेगात मोटर एकदम बंद करायची आणि तिथल्या तिथे प्लग काढायचा. म्हणजे पुरातल्या कन्हानच्या मधल्या धारेत. दुसऱ्या दिवशी मी सुकलूला हे सांगितलं तेव्हा त्याची अहोजाहो संपली. "पागल झाला का बे? धार तुले कामठीच्या पुलावर नेऊन आदळीन!" मग थुंकला, रिकाम्या डोंग्यात वल्ही घेऊन बसला आणि म्हणाला, "चाल. पण लवकर."

मधल्या धारेत मी कान लावून बसलो होतो. दोन सिलिंडरांचा आवाज एकमेकांत बसलेला. अचानक एक गळाला, आणि तो एका पायाचा आवाज सुरू झाला, अगदी आमच्या पुढच्या खोलीतला. मी मोटर बंद केली. डोंगा आडवा झाला. सुकलू वल्ह्यांवर उभा राहून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, मी फडक्याने धरून खालचा प्लग फिरवत होतो. बोटं भाजली. प्लग निघाला तशी भोकातून वाफेची एक रेघ वर आली, आणि प्लगच्या टोकाला एक थेंब लटकत होता. मी तो चाखला. पेट्रोल नव्हतं. कन्हानचं गढूळ पाणी होतं. "सुकलू, सापडलं!" मी ओरडलो. "आधी काठ सापडू दे!" तो म्हणाला.

काठावर सिलिंडरचं झाकण खोललं. झाकणाच्या खाली पाणी अडवायला जी चकती असते, तिच्या जागी पुठ्ठा होता. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा, वर रोगण फासून काळा केलेला. मामाच्या दुकानात तसल्या खोक्यांचा ढीग होता. थंड असताना तो पाणी धरायचा आणि तापला की सोडायचा. भाच्याला कापलं ते बुटाच्या खोक्याने! मी त्याच पावली कामठीला निघालो होतो. सुकलूने माझं बखोट धरलं. "भांडण दसऱ्यानंतरही मिळते किसनाभाऊ, घाट नाई मिळत." त्या माणसाचंही मी देणं लागतो.

इतवारीतल्या एका तांबटाकडून तांब्याचा पत्रा घेतला, अर्धी दुपार घासाघीस करून. पुठ्ठ्याच्या मापाने चकती कापली, लाल तापवून पाण्यात बुडवली म्हणजे तांबं मऊ पडून नीट बसतं, आणि पेच एकाआड एक आवळले. पुढच्या बाजाराच्या दिवशी मोटर सकाळपासून चालली. माणसं, वांग्यांची पोती, एक बकरी, सगळं आलं आणि गेलं. सुकलू दिवसभर वल्ह्यांवर पाय टाकून बसला आणि त्याला करमेना. दुपारी प्लग पाहिले तर दोन्ही तांबूस, जुळ्यांसारखे.

संध्याकाळच्या खेपेला डोंग्यात मामा होता. पांढरं धोतर, छत्री. कोणी तरी त्याला बातमी दिली असणार. मी मोटर चालवता चालवताच खिशातून तो पुठ्ठा काढून त्याच्या नाकासमोर धरला आणि सगळ्या डोंग्यासमोर त्याला जे बोलायचं ते बोललो. तो हसला. "आता तं चांगली झाली न? मंग?" उतरताना त्याने मोटरवरून पुन्हा तसाच हात फिरवला. मी रागात होतो म्हणून मला त्या हाताचा अर्थ कळला नाही.

घरी जेवताना मी सगळं सांगितलं, मामाची फजिती कशी केली तेही. बाबा जेवत होते. हात धुताना एवढंच म्हणाले, "पलटायची अट दोघांले होती म्हणालास न?"

मी हो म्हणालो, आणि तेव्हा कुठे मला मामाच्या त्या हाताचा अर्थ कळला.

"उद्या मोटर घरी घेऊन ये," बाबा म्हणाले. "परवा नवमी आहे. हत्यार आहे, तं पूजेले पाह्यजे."

हत्यार हा शब्द ते मागासाठी वापरायचे. मी भाजीच्या बंडीतून मोटर आणली. नवमीला बाबांनी आपला माग धुतला, फणीला हळदकुंकू लावलं, आणि मोटर माझ्या रिकाम्या खड्ड्याच्या काठावर पाट ठेवून त्यावर बसवली. आत्याने झेंडूची माळ घातली. कुंकू कुठे लावायचं हे बाबांना कळेना, मी दोन्ही प्लगांवर बोट दाखवलं.

दुपारी मामा बंडी घेऊन आला. बंडीत माझा माग, सोडून नीट बांधलेला. "भाऊजी, तुमची अमानत," तो बाबांना म्हणाला. "मागाबिगर तुमचंही मन लागत नव्हतं. माग घ्या, मोटर द्या. दसरा उद्या आहे, मी मुदतीच्या आत आलो."

मी उठलो. काय करणार होतो ते मला माहीत नाही, पण आत्याने माझा सदरा मागून धरला होता. बाबांनी मामाला पाणी दिलं, बसायला सतरंजी दिली. मग शांतपणे म्हणाले, "पूजेले बसलेलं हत्यार दसरा गेल्याशिवाय आमच्या घरातून हालत नाई. तुमची बहीण हेच करत होती, तुम्हाले माहीत आहे. परवा येऊन घेऊन जा."

मामाचा गडवा ओठाशी थांबला. "परवा? भाऊजी, करार तं दसऱ्यापर्यंत..."

"हो," बाबा म्हणाले. "दसऱ्यापर्यंतच आहे."

आत्या तोंड फिरवून सुताकडे पाहू लागली. तिचे खांदे हलत होते. मामाने मोटरकडे पाहिलं, माळेकडे पाहिलं. बहिणीचं नाव निघाल्यावर देवापुढची वस्तू उचलायची हिंमत त्याच्यात नव्हती. एवढं मी त्याच्या बाजूने लिहितो. जन्मभर सूतवाल्यापुढे मान हलवणाऱ्या माझ्या बापाने, माझ्यासारखा आवाज न चढवता, सतरंजीवर बसून तो सौदा मारला होता.

आमच्या गल्लीत भरली बंडी वळत नसे. बैल मागे सरत होते, चाक नालीत जात होतं. बाबा उठले, धोतर खोचलं आणि मला म्हणाले, "ये, हात लाव." आम्ही बापलेकांनी माग खाली उतरवला, बंडीवाल्याने बंडी फिरवली, आणि मग आम्ही तो पुन्हा चढवला. तो बाबांनीच मी दहा वर्षांचा असताना सुताराकडून माझ्या मापाने करून घेतला होता. दोरी त्यांनी स्वतः बांधली. गाठ ओढून पाहिली, ढिली वाटली म्हणून सोडून पुन्हा बांधली. मग बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि बंडी चौकाकडे वळेपर्यंत उभे राहिले.

आत येऊन ते आत्याला म्हणाले, "बाई, आज गोळाभात कर वं."